फुलपाखरे सोडून इतर कीटकांचा संग्रह : कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो टिकवावा कसा?

माळावरचा | २८ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार. कीटकसंग्रह म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या चौकटीतली फुलपाखरे येतात. माझ्याकडे एकही फुलपाखरू नाही. फुलेवाडीत राहून गेली अकरा वर्षे मी जमवतो आहे ते शेणकिडे, शेपटीला चिमटा असणारे किडे, ढेकणांच्या गणातले कीटक आणि बाभळीच्या फांदीवर काट्याचे सोंग घेऊन बसणारे शिंगाडे तुडतुडे. सारे मिळून सहाशे चाळीस नमुने, चौदा पेट्यांमध्ये. पाहुण्यांनी हौसेने पाहायला मागावे असे त्यात काही नाही. एकदा एका नातेवाइकांनी झाकण उघडून पाहिले आणि "घरात औषध मारून घ्या की हो" एवढेच ते म्हणाले.

अडचण अशी की आषाढात तीन आठवडे मुलीकडे पुण्याला गेलो होतो. परत येऊन पाहतो तर तीन पेट्यांमधल्या किड्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी चढलेली. चौथ्या पेटीत बुरशी नाही, पण चार भुंगेऱ्यांच्या खाली तपकिरी भुकटीचे लहान लहान ढीग पडलेले आहेत. प्रत्येक पेटीत दोन दोन डांबरगोळ्या होत्या, कपाट भिंतीपासून वीतभर दूर होते, आणि तरीही हे झाले. कोल्हापूरच्या हवेत ज्यांनी असा संग्रह सांभाळला आहे त्यांनी कृपया सांगावे की ओल आवरायची कशी आणि लागलेली बुरशी काढायची कशी. माझे वय आता एकसष्ट आहे, त्यामुळे माझ्यानंतर या पेट्यांचे काय करावे हाही प्रश्न मनात आहे, पण तो सावकाशीने घेऊ.

शंकासुर | २८ जुलै, रात्री ९.३२

हातात कॅमेरा असताना किडे मारून टाचण्यांवर टोचायचेच कशाला, हा प्रश्न त्याहून आधीचा नाही का?

तांबडा_पांढरा | २८ जुलै, रात्री ९.४५

नातेवाइकांशी मी सहमत आहे. तरीही चौदा पेट्या शेणकिडे घरात ठेवू देणाऱ्या वहिनींना आमचा नमस्कार पोहोचवावा.

काचपेटी | २९ जुलै, सकाळी ७.२०

माळावरचा, आपल्या पेट्यांना दोन वेगवेगळे रोग झालेले आहेत आणि दोहोंचे उपचार वेगळे आहेत, म्हणून आधी त्यांची गल्लत करू नका.

चौथ्या पेटीतली भुकटी हे एका अळीचे काम आहे. तिचा भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, ठिपक्याठिपक्यांचा असतो. प्रौढ भुंगेरा फुलांतला पराग खातो आणि खिडकीतून निरागसपणे आत येतो, पण त्याची केसाळ अळी वाळलेले किडे, लोकर, पिसे असे काहीही पोखरते. धान्याच्या कोठारातला खापरा भुंगेरा आपल्याला ठाऊक आहे, त्याच कुळातले हे भाऊबंद. डांबरगोळीच्या वासाने ते थोडे बिचकतात, मरत मात्र नाहीत, आणि एकदा अळी पेटीत शिरली की गोळी तिच्या शेजारीच पडून राहते. उपाय एकच, गोठवणे. पेटी पॉलिथिनच्या जाड पिशवीत हवाबंद करावी आणि शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात, जिथे तापमान उणे १८ ते उणे २० अंश असते तिथे, किमान दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, पूर्ण एक दिवस तशीच राहू द्यावी. नाहीतर बाहेरच्या हवेतले बाष्प थंड किड्यांवर दव होऊन बसते आणि अळी गेली तरी बुरशीला आपणच आमंत्रण देतो.

आता बुरशी. हवेतली सापेक्ष आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरतेच, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती त्याहून वरच असते. बुरशी ओली असताना पुसू नये, ती अंगावर पसरते. आधी पेटी दोन दिवस कोरड्या जागी उघडी ठेवावी, मग चित्रकाराच्या अगदी बारीक कुंचल्याने, स्पिरिटमध्ये किंचित ओला करून, एकेक पाय आणि एकेक मिशी झटकत काढावी. शेणकिड्यांसारख्या कडक पाठीच्या किड्यांना हे मानवते, परंतु केसाळ माशा आणि गांधीलमाश्या यांचे केस चिकटून बसतात, तेथे फार आशा धरू नये.

पुढच्या वर्षासाठी सुट्या पेट्यांमध्ये सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालण्याऐवजी सगळ्या पेट्या रबरी कडा असलेल्या एखाद्या मोठ्या हवाबंद डब्यात ठेवा आणि जेल त्या डब्यात ठेवा. लाकडी पेटीचे झाकण कितीही घट्ट वाटले तरी ती श्वास घेतेच. सोबत दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा पन्नासच्या आसपास राखावा. जेलचा रंग बदलला की ते १२० अंशांना तापवले म्हणजे पुन्हा कामाला येते. निळे जेल मात्र घेऊ नका. त्यात कोबाल्टचा क्षार असतो, तो विषारी आहे आणि आपण ते स्वयंपाकघरातच तापवणार. नारिंगी घ्या.

कारभारीण | २९ जुलै, दुपारी २.०५

काचपेटी यांनी फार सोपे करून सांगितले, पण बर्फाचा कप्पा कोणाच्या घरातला हे सांगितले नाही. आमच्या घरात हा प्रयोग झालेला आहे. मटार समजून मी जी पिशवी पातेल्यात ओतणार होते तिच्यात सत्तावीस भुंगेरे होते. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला की किड्यांच्या पिशवीवर लाल दोरी बांधायची आणि तारीख लिहायची. शिवाय पावसाळ्याच्या तोंडाला दिव्यावरचे किडे टिपण्यासाठी गच्चीत जी पांढरी चादर टांगली जाते ती माझ्या माहेरची होती, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवते.

माळावरचा | २९ जुलै, रात्री ८.५०

काचपेटी, आभारी आहे. आपण डांबरगोळीचे लिहिले म्हणून एक कबुली देतो. माझ्या पेट्यांचा तळ थर्मोकोलचा आहे. दोन वर्षांपूर्वी एका पेटीत गोळीभोवती थर्मोकोल खचून चमच्यासारखा खळगा पडला आणि तीन टाचण्या किड्यांसकट आडव्या झाल्या. मी तो उंदराचा उपद्व्याप समजून पिंजरा लावला होता. पिंजऱ्यात काही सापडले नाही.

काचपेटी | २९ जुलै, रात्री ९.१५

उंदीर सुटला म्हणायचा. डांबरगोळीच्या वाफेने थर्मोकोल मऊ पडतो आणि विरघळतो, दोन्ही एका पेटीत कधीही ठेवू नयेत. तळाला पॉलिथिलीनचा फोम वापरा. दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यात जो पांढरा, लवचीक, बोटाने दाबला तर परत वर येणारा फोम मिळतो तो. त्यावर पांढरा कागद चिकटवला की टाचणी सरळ उभी राहते आणि पुढे अळीची भुकटी पडली तर ती लगेच दिसते.

नदीकाठ | ३० जुलै, सकाळी ११.३०

मी शाहूपुरीत तळमजल्यावर राहत होतो. ऑगस्ट २०१९ च्या पुराविषयी कोल्हापूरकरांना नव्याने सांगण्यासारखे काही नाही. आम्ही माणसे, कागदपत्रे आणि दोन गॅस सिलिंडर वर नेले, पण किड्यांच्या नऊ पेट्या लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत, तेवढे पाणी येणार नाही, अशा समजुतीने तेथेच ठेवल्या. पाणी आले. उतरल्यावर कपाट उघडले तेव्हा पेट्यांमध्ये गाळ होता, त्यात गंजलेल्या टाचण्या होत्या आणि टाचण्यांना भुंगेऱ्यांच्या पाठींच्या टरफलांचे तुकडे होते.

प्रत्येक किड्याच्या टाचणीला स्थळ-तारखेची चिठ्ठी असते, त्या चिठ्ठ्या मात्र राहिल्या. सगळ्या नव्हेत. ज्या बॉलपेनने लिहिल्या होत्या त्या निळ्या डागांपलीकडे काही उरल्या नव्हत्या. पण सुरुवातीच्या काळात माझ्याकडे चांगले पेन नसल्यामुळे मी टोक केलेल्या पेन्सिलीने लिहीत असे, त्या दोनशे बारा चिठ्ठ्या अक्षर न् अक्षर वाचता येत होत्या. 'गगनबावडा, १४-६-२०११, पडवीतल्या दिव्याखाली.' 'रंकाळा, दक्षिण काठ, जलपर्णीच्या मुळांत.' वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालून वाळवल्या आणि एका वहीत क्रमाने चिकटवल्या. किड्यांविना चिठ्ठ्या, अशी ती वही आहे. तिचा कोणाला काही उपयोग आहे का, हे मला आजवर कळलेले नाही.

द्विपंखी | ३० जुलै, दुपारी ४.४०

नदीकाठ, त्या चिठ्ठ्यांवर किड्याचे नाव लिहिलेले होते का, निदान कुळापर्यंत? असेल तर ती वही हा एक नोंदसंग्रह आहे. आता त्या नोंदींची पडताळणी करता येणार नाही, हा दोष राहीलच, पण कोणता किडा कोणत्या महिन्यात कोठे दिसला हे त्यात उरले आहे. याच्या उलट, सुरेख टोचलेल्या पण चिठ्ठी नसलेल्या पेट्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या भिंतीवर लावण्यापलीकडे कशालाही उपयोगी पडत नाहीत.

नदीकाठ | ३० जुलै, सायंकाळी ६.१०

निम्म्यांवर आहे. 'पाठीवर अंडी असलेला पाणढेकूण' असे चार ठिकाणी आहे. तो नर असतो, मादी अंडी त्याच्या पाठीवर चिकटवून निघून जाते, हे मला फार उशिरा समजले. चारही चिठ्ठ्यांवर मी 'मादी' लिहून ठेवले आहे.

शंकासुर | ३१ जुलै, सकाळी ९.००

माझ्या प्रश्नाला बगल मिळाली आहे, म्हणून तो सविस्तर विचारतो. मी स्वतः आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्रे टाकतो. त्यात जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते, जाणकार नाव सांगतात, पावसाने त्यांना बुरशी लागत नाही, पुराने ती वाहून जात नाहीत आणि किडा आपल्या वाटेने निघून जातो. आपण सर्वांनी येथपर्यंत जे लिहिले ते मेलेले किडे सडू न देण्याच्या खटपटीविषयी आहे. न्यू पॅलेसच्या वस्तुसंग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आहेत. ती ज्या काळातली आहेत त्या काळी तो छंद राजमान्य होता, आज कोणी तसे करू म्हटले तर आपण त्याला थांबवू. मग किड्यांचा न्याय वेगळा का? ते लहान आहेत म्हणून, की कोणाला आवडत नाहीत म्हणून?

द्विपंखी | ३१ जुलै, दुपारी १२.२५

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर 'लहान आहेत म्हणून' असे देणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाघाचे छायाचित्र पाहून तो वाघच आहे हे ठरते, तसे किड्यांचे नाही. शेणकिड्यांच्या ऑन्थोफॅगस या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटात, जगभरात दोन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या कित्येक वरून पाहता सारख्याच काळ्या आणि सारख्याच आकाराच्या असतात, आणि नक्की जात ठरते ती नराचे जननेंद्रिय वेगळे काढून, कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात स्वच्छ करून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. आपल्या छायाचित्राला जाणकार जे नाव देतात ते अशा वेळी प्रजातीपाशी थांबते, आणि थांबलेच पाहिजे. फुलपाखरे, चतुर यांचे छायाचित्रावर बरेचसे भागते, म्हणून मी स्वतः त्यांचे नमुने घेत नाही. म्हणजे कमी आवडत्या किड्यांचाच संग्रह करण्याला एक कारण आहे. त्यांचे काम छायाचित्राने भागत नाही.

चिमटेवाल्यांचे तर आणखी गमतीचे आहे. एकाच जातीतल्या दोन नरांचे चिमटे इतके वेगळे असू शकतात, एकाचा आखूड आणि दुसऱ्याचा लांबलचक, की एकेकटा पाहिला तर दोन जाती वाटाव्यात. एका ठिकाणचे तीन-चार नमुने शेजारी ठेवल्यावरच ते उमगते. कीटकशास्त्रज्ञ माल्कम बर यांचा भारतातल्या या गणावरचा ग्रंथ १९१० सालचा आहे आणि आजही तो उघडावा लागतो, यावरून या किड्यांकडे किती जणांचे लक्ष गेले ते समजावे.

मर्यादा असावी हे मला मान्य आहे. एका ठिकाणचे एका जातीचे तीन-चारांहून अधिक घेऊ नयेत, अंड्यांची राखण करत बसलेली मादी उचलू नये (चिमटेवाल्यांची आई खरोखरच अंड्यांवर बसून त्यांची निगा राखते), आणि ज्याची नोंद ठेवायला वेळ नाही तो किडा मारू नये.

वनवाटा | ३१ जुलै, रात्री १०.००

मर्यादा नुसती मनाची नाही, कायद्याचीही आहे, आणि या धाग्यात तिचा उल्लेख अजून आलेला नाही याचे आश्चर्य वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींमध्ये कीटकही आहेत. त्यांत फुलपाखरांची संख्या मोठी आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली, तेव्हा जुनी यादी पाहून निश्चिंत राहू नये. राधानगरी अभयारण्य असो की चांदोली, संरक्षित क्षेत्रातून एक मुंगीसुद्धा परवानगीवाचून उचलता येत नाही. जिल्ह्यात अलीकडे राखीव संवर्धन क्षेत्रेही जाहीर झालेली आहेत, म्हणून 'हे तर नुसते पठार आहे' असे समजून जाळी फिरवू नये, आधी वनविभागाकडे चौकशी करावी. आपले शेत, आपला गोठा, आपल्या गच्चीवरचा दिवा ही नवशिक्यासाठी सर्वांत चांगली जागा.

परदेशी संग्राहकांशी नमुन्यांची देवाणघेवाण करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. २००८ मध्ये दार्जिलिंगकडच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानातून कीटक गोळा केल्याबद्दल दोन चेक संग्राहकांना अटक होऊन पुढे ते दोषीही ठरले होते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानेही परदेशी व्यक्तींवर याबाबत बंधने आहेत. इंटरनेटवर चौकटीत विकायला ठेवलेले भुंगेरे घेणाऱ्यांनीही ते कोठून आले असतील याचा विचार करावा.

माळावरचा | ३१ जुलै, रात्री १०.४०

माझे सारे नमुने फुलेवाडी, वडणगे आणि बहिणीच्या कागलकडच्या शेतातले आहेत. अभयारण्यातला एकही नाही, हे नमूद करतो.

गुळाची_ढेप | १ ऑगस्ट, दुपारी १.१५

मृगाचा लाल मखमली किडा कोणी जपून ठेवला आहे का? लहानपणी आम्ही काडेपेटीत ठेवत असू.

काचपेटी | १ ऑगस्ट, दुपारी १.५०

त्याचे पाय मोजा, आठ आहेत. तो कोळ्यांचा नातेवाईक, कीटक नव्हे. स्पिरिटमध्ये ठेवला तर मखमलीचा रंग फिका पडतो, म्हणून हा मात्र शंकासुर यांच्या कॅमेऱ्याच्या स्वाधीन करावा. रंगाविषयी निघालेच आहे तर सांगतो, रताळ्याच्या वेलावर सोन्याच्या थेंबासारखे जे चपटे ढालकिडे बसतात त्यांचे सोने मेल्यावर उतरते. ते सोने रंगाचे नसून पाठीच्या पातळ थरांतल्या ओलाव्याचे असते, ओलावा गेला की उरते ती तपकिरी टिकली. पहिल्यांदा माझ्याबाबतीत हे झाले तेव्हा मला पेटीत कोणी किडा बदलला असे वाटले होते.

सरळरेषा | १ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०

किडे बदलण्यावरून आठवले. मी कृषी पदवीचा विद्यार्थी असताना कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाला कीटकांची पेटी जमवून द्यावी लागत असे. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. आमच्या वसतिगृहात एक पेटी होती, ती किमान चार वर्षांच्या विद्यार्थ्यांनी आपली म्हणून सादर केली. दरवर्षी किडे तेच, चिठ्ठ्या नव्या. त्यातला एक गेंड्या भुंगेरा एका वर्षी कसबा बावड्यात सापडला, दुसऱ्या वर्षी सांगोल्यात आणि माझ्या वर्षी तो माझ्या आजोळी सापडला. परीक्षकांनी मला विचारले, "याचा एक पाय गोंदाने चिकटवलेला कसा?" मी म्हणालो, "सापडला तेव्हाच तसा होता, सर." गुण मिळाले.

द्विपंखी यांचे चिठ्ठीविषयीचे वाचले तेव्हा हसू आले नाही, एवढे मात्र खरे. तो भुंगेरा खरोखर कोठला होता हे आता कोणालाच कळणार नाही.

तांबडा_पांढरा | १ ऑगस्ट, सायंकाळी ५.४५

चार वर्षे फेरपरीक्षेला बसलेला तो एकटाच किडा असावा.

काचपेटी | २ ऑगस्ट, सकाळी ८.००

चिठ्ठीवर काय असावे हे कोणी विचारण्याआधीच लिहितो. गाव, तालुका आणि जिल्हा, शक्य असल्यास अक्षांश-रेखांश, तारीख, कशावर किंवा कशाखाली सापडला, आणि पकडणाऱ्याचे नाव. महिना आकड्यात लिहिताना गोंधळ होतो, म्हणून तो रोमन अंकात किंवा सरळ अक्षरात लिहावा. जाड, आम्लविरहित कागद, आणि पेन्सिल किंवा न धुपणारी काळी शाई. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या किड्याची चिठ्ठी बाटलीच्या बाहेर चिकटवू नये, आत टाकावी. लेझर छपाईची अक्षरे स्पिरिटमध्ये कालांतराने सुटून तळाशी बसतात. एका बाटलीत मला अशी अक्षरांची काळी पूड सापडली होती, तिच्यातून गावाचे नाव जुळवता आले नाही.

टोचण्याविषयी थोडक्यात. टाचणी किड्यांसाठीची पोलादी घ्यावी, शिंप्याची नव्हे. भुंगेऱ्याला ती उजव्या कडक पंखातून, ढेकूणवर्गीयांना पाठीवरच्या त्रिकोणी ढालीतून मध्याच्या किंचित उजवीकडे. मधोमध टोचले तर ओळखीची खूण नेमकी तेथेच असते आणि ती जाते. अगदी लहान किड्याला टोचूच नये, कागदी त्रिकोणाच्या टोकावर डिंकाच्या थेंबाने चिकटवावा. वाळून कडक झालेला किडा ओल्या वाळूच्या बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवला की त्याचे पाय पुन्हा हलवता येतात. कडक भुंगेऱ्याला गरम पाण्यात काही मिनिटे बुडवले तरी चालते.

रातकिडा_६२ | २ ऑगस्ट, सकाळी ११.१०

आणि जे वाळतच नाहीत, नुसते सुरकुततात त्यांचे काय? माझा जीव जडला आहे तो जाळे विणणाऱ्या एका बारीक किड्यावर. जुन्या झाडांच्या सालीवर पांढुरक्या रेशमाचे बोगदे दिसतात, त्यात हा राहतो, आणि त्याचे रेशीम तोंडातून किंवा पोटातून न येता पुढच्या पायांतून येते. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या झाडांवर हे बोगदे मी वर्षानुवर्षे नुसते पाहिले आहेत. इतका मऊ किडा टाचणीवर राहत नाही.

द्विपंखी | २ ऑगस्ट, दुपारी १२.००

मऊ अंगाच्या सर्वांना, म्हणजे वाळवी, मावा, अळ्या आणि आपला हा विणकर, सत्तर ते ऐंशी टक्के मद्यार्कात ठेवावे. शुद्ध इथाइल अल्कोहोल सामान्य माणसाला सहज मिळत नाही, ते अबकारी खात्याच्या नियमांत येते, पण आयसोप्रोपिल मिळते आणि रचना पाहण्यापुरते ते पुरेसे आहे. बाटली कितीही घट्ट लावली तरी उडून जाते. म्हणून लहान बाटल्या कापसाच्या बोळ्याने बंद करून त्याच द्रवाने भरलेल्या मोठ्या बरणीत उलट्या ठेवाव्यात, मग लक्ष एका बरणीवर ठेवले की झाले.

तांबडा_पांढरा | २ ऑगस्ट, दुपारी १२.१०

सत्तर टक्क्यांची बरणी, आत किडा. आमच्या एका मित्राचा याहून निम्म्या टक्क्यांवर शेवट झाला, आणि तेथे किडा शोधूनही सापडला नाही.

बांधावरून | ४ ऑगस्ट, रात्री ९.२०

मी कागल तालुक्यातला शेतकरी. आमच्या दृष्टीने किडा म्हणजे हुमणी, पिकाची मुळे खाणारी अळी. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे दिव्याखाली वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, एवढाच आमचा संग्रह. पण शेणकिड्यांवर कोणी अकरा वर्षे घालवली हे वाचून बरे वाटले. आमच्या लहानपणी गायरानात शेणाचा पो पडला की तासाभरात त्याला भोके पडत, आणि गोळी ढकलत उलटा चालणारा किडा पाहत आम्ही गुरे विसरून बसत असू. आता गायरानात गुरे नाहीत, गोठ्याला कोबा आहे आणि शेण गॅसच्या टाकीत जाते. गोचिडांसाठी जनावरांना जे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात त्याचा अंश शेणात उतरतो आणि शेणातल्या अळ्यांना बाधतो, असे पशुवैद्यांकडून कळले. माळावरचा, आपल्या पेट्यांवरून हे किडे कमी झाले की नाही हे सांगता येईल का?

माळावरचा | ५ ऑगस्ट, रात्री १०.०५

आपल्या प्रश्नासाठी काल रात्री वही काढून बसलो. गोळी ढकलणारे जे किडे आहेत ते कागलच्या शेतातून मला पहिल्या चार वर्षांत दर पावसाळ्यात मिळाले, गेल्या पाच वर्षांत एकदाच मिळाला. शेणाखालीच बीळ करणारे लहान काळे किडे मात्र तसेच आहेत. पण यावरून निष्कर्ष काढायला मी धजावत नाही, कारण बहिणीकडे माझे जाणेही कमी झाले आहे आणि किती वेळा जाऊन रिकाम्या हाताने परतलो याची नोंद मी ठेवलेली नाही. ती ठेवायला हवी होती. या पावसापासून ठेवतो आहे, 'गेलो, पाहिले, नाही' अशी.

शंकासुर यांच्या प्रश्नाला माझे उत्तर यातच कोठेतरी आहे असे वाटते, पण ते मला नीट मांडता येत नाही.

बांधावरून | ५ ऑगस्ट, रात्री १०.३०

या, आमच्या बांधावर दोन म्हशी अजून बाहेर चरतात. शेणकिडे पकडायला प्लास्टिकचा पेला जमिनीत गाडून वर शेणाची पुरचुंडी टांगायची, तेच ना? घरच्यांना मी समजावतो.

शंकासुर | ६ ऑगस्ट, सकाळी ७.४५

'गेलो, पाहिले, नाही' हे छायाचित्रात येत नाही, हे मान्य करतो. मारण्याविषयीचे माझे मत बदललेले नाही.

माळावरचा | १४ नोव्हेंबर, रात्री ८.३०

दिवाळी झाली, पेट्या स्वच्छ झाल्या, म्हणून हिशेब देतो. सहाशे चाळीसपैकी एकाहत्तर नमुने गेले, त्यातले बहुतेक चौथ्या पेटीतले आणि केसाळ. गेलेल्यांच्या जागी टाचणी आणि चिठ्ठी तशीच ठेवली आहे, नदीकाठ यांचे वाचल्यानंतर चिठ्ठी फेकवेना. तळाचा थर्मोकोल काढला, फोम बसवला. डांबरगोळ्या रद्द. मोठ्या डब्यात काटा ऑक्टोबरभर बावन्नच्या वर गेला नाही. बॉलपेनच्या तीनशेहून अधिक चिठ्ठ्यांची पेन्सिलीने दुसरी प्रत करायची होती, ती सौ.ने केली. तिचे अक्षर माझ्यापेक्षा बारीक आणि सुवाच्य आहे, आणि काम करता करता तिने तारखांच्या सहा चुका काढल्या.

आता तो मागे ठेवलेला प्रश्न. माझ्यानंतर पेट्या कोणाकडे द्याव्यात? जवळच्या एखाद्या महाविद्यालयाला द्याव्यात असे मनात होते.

सरळरेषा | १४ नोव्हेंबर, रात्री ९.००

महाविद्यालयाला देताना पेट्या सांभाळणारा माणूस कोण आहे ते पाहून द्या. एका ठिकाणी देणगीतले कपाट मी पाहिले आहे. त्यात फक्त टाचण्या होत्या आणि त्यांच्याखाली आपण वर्णन केलेले तपकिरी ढीग.

काचपेटी | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आणि शेतीशी संबंधित कीटकांसाठी बेंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्र आहे. दोन्हीकडे पेट्या घेऊन थेट जाऊ नये. आधी संपूर्ण यादी करावी, क्रमांक, स्थळ, तारीख आणि ठरली असेल तर जात, आणि ती पाठवून त्यांना काय हवे ते विचारावे. सहाशेतले कदाचित दोनशेच घेतील. आणि हे 'माझ्यानंतर'वर सोपवू नका, आपण स्वतः हयातीत द्या. वहीतले संक्षेप आपल्याशिवाय कोणाला लागणार नाहीत.

माळावरचा | १५ नोव्हेंबर, रात्री ९.२०

यादी सुरू केली आहे, क्रमांक चौऱ्याण्णवपर्यंत आलो. शेणकिडे आणि चिमटेवाले आधी विचारून पाहतो, शिंगाडे तुडतुडे अजून काही वर्षे राहू द्यात माझ्याकडे.

शंकासुर | १६ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

येत्या जूनमध्ये बांधावरून यांच्या शेतात दिवा लावणार असाल तर मलाही कळवा. मी कॅमेरा घेऊन येतो, एकही किडा मारणार नाही, पण रिकाम्या पेल्यांची नोंद मी लिहीन.

कारभारीण | १६ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

चादर कोणाची, ते आधी ठरवा.

माळावरचा | १६ नोव्हेंबर, रात्री ९.०५

ठरली. पांढरी, सुती, आमच्या घरातली. ती धुऊन कपाटात परत येणार नाही, या अटीवर मिळाली आहे.